वन्सं आणि फाटकावरचे गृहस्थ

मुलांनो, तुमच्या आत्याआजीइतकं मनापासून वाद घालणारं माणूस बर्मिंगहॅममध्ये दुसरं झालं नाही. तुमच्या आजोबांची ही थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, आमच्याकडेच राहत. वाद जिंकण्यात त्यांना फारसा रस नव्हता. तो संपू नये एवढीच इच्छा असे. डबल ग्लेझिंगच्या खिडक्या विकणाऱ्यांचे फोन आपण दोन वाक्यांत कटवतो. वन्सं खुर्ची ओढून बसत, आणि शेवटी समोरचाच काहीतरी निमित्त काढून फोन ठेवी. दारावर धर्मप्रचाराला आलेल्या दोन तरुणांना त्यांनी आग्रहाने आत घेतलं, पोहे दिले, आणि दीड तासाने ते आपल्या पुस्तिका टाकून पळाले. त्या परत करायला वन्सं त्यांच्यामागे बसस्टॉपपर्यंत गेल्या. रेडिओवरच्या मंत्र्यालासुद्धा त्या मध्ये तोडत नसत. "बोलू दे त्याला पुरतं," म्हणायच्या, "मग मी आहेच."

दोन हजार सालानंतर त्या नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्या आणि आठवड्यातून दोन दिवस एका क्लिनिकच्या रिसेप्शनवर बसू लागल्या. तिथे गर्भपात होत, म्हणून फाटकाबाहेर विरोध करणारे उभे असत. त्यांत एक उंच, म्हातारे गृहस्थ पाटी धरून असायचे. बाकीचा स्टाफ मान खाली घालून आत जाई. वन्सं लंच ब्रेकला सँडविच घेऊन बाहेर जात आणि त्यांच्याशी वीस मिनिटं कडाडून भांडत. त्या गृहस्थांचे गुडघे दुखतात हे कळल्यावर वन्संनी त्यांना घरची घडीची खुर्ची नेऊन दिली.

"अहो वन्सं, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या?" मी विचारलं.

"क्लिनिकच्या. पण गुडघे दुखत असले की त्यांना मुद्दा नीट मांडता येत नाही गं."

पुढे कौन्सिलने रहिवाशांची सभा बोलावली. विरोधकांना फाटकापासून हटवून रस्त्यापलीकडे उभं करावं का, हा विषय. त्यांना हटवा, अशा अर्जावर क्लिनिकमधल्या सगळ्यांनी सह्या केल्या. वन्संनी केली नाही.

"आज त्यांचं तोंड बंद केलं, तर उद्या माझं करतील."

"तुझं? कोणाची छाती आहे?" तुमचे आजोबा म्हणाले. पण त्या हसल्या नाहीत. क्लिनिकमधल्या नर्सेस त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या होत्या.

सभेच्या आदल्या दिवशी एक मुलगी फाटकापर्यंत येऊन परत फिरताना वन्संना खिडकीतून दिसली. तिची ही तिसरी खेप होती. वन्सं तिच्यामागे धावल्या.

"काय म्हणाले ते पाटीवाले गृहस्थ तुला? शिव्या दिल्या?"

"नाही. चांगले आहेत ते. फक्त मायेने विचारतात, 'कुठे चाललीस, लव्ह?' मग माझे पायच पुढे जात नाहीत."

इथे वन्संचा एक नियम सांगायला हवा. घरातून निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारलेलं त्यांना अजिबात खपत नसे. आजोबांनी एकदा चुकून विचारलं, तर त्या दारातून परतल्या, बूट काढले, पाणी प्यायल्या, पाच मिनिटं बसल्या आणि मगच निघाल्या. लंडनची ट्रेन चुकली.

सभेत त्यांनी हे सगळं इंग्रजीत सांगितलं, ट्रेनसकट. "ह्या गृहस्थांनी वाटेल ते बोलावं. पण निघालेल्या माणसाला दारात अडवून 'कुठे' विचारू नये."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "मॅडम, इज दॅट अ लीगल पॉइंट?"

"नो. माय मदर्स."

आणि विरोधकांना पलीकडे हलवावं म्हणून त्यांनी हात वर केला. सभा हसली. ते गृहस्थ हसले नाहीत. जाताना वन्संना म्हणाले, "माझं ऐकणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात."

ठरल्याप्रमाणे ते रस्त्यापलीकडे गेले. ती मुलगी पुढच्या आठवड्यात आत आली. तिने काय ठरवलं ते वन्संनी घरी कधी सांगितलं नाही. वन्सं मात्र सँडविच घेऊन रस्ता ओलांडून जातच राहिल्या. गृहस्थ त्यांच्याकडे बघतही नसत. वन्सं आपली बाजू मांडायच्या, आणि मग त्यांची बाजूही आठवून आठवून त्याच मांडायच्या, कारण ती मांडायला कुणी उरलं नव्हतं. घरी येऊन मुकाट्याने जेवायच्या.

असे तीन महिने गेले. एका गुरुवारी कोटही न काढता त्या स्वयंपाकघरात आल्या. त्या दिवशी गृहस्थांची बाजू सांगताना त्यांनी काहीतरी भलतंच सांगितलं होतं, आणि न राहवून ते ओरडले होते, "छे, छे! मी असं कधीच म्हटलं नव्हतं!"

"बोलले गं," वन्सं म्हणाल्या, आणि कोटाच्या बाहीने डोळे पुसले.