माय आणि तुमसरची मावशी

बाबांचा फोन आला तेव्हा मी सहावीच्या मुलांना फळ्यावर अपूर्णांकांचं गणित सोडवून दाखवत होते. वर्गात फोन जवळ ठेवायचा नाही असा आमच्या शाळेचा नियम आहे, पण त्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी मला सूट दिली होती. बाबा फोनवर कधीच जास्त बोलत नाहीत. म्हणाले, "सुनंदा, तुही माय गेली वं." मग, "सावकाश येजो. घाई करू नोको." मी बरं म्हटलं. फोन टेबलावर ठेवला आणि उरलेलं गणित पूर्ण केलं. छेद सारखे केले, बेरीज केली, उत्तराभोवती चौकट काढली. मुलांनी वहीत उतरवून घेईपर्यंत थांबले. मग स्टाफरूममधून पर्स उचलली आणि साकोलीच्या स्टँडवर येऊन भंडाऱ्याच्या गाडीत बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, "लग्नाले चालल्या का?" मी म्हटलं, नाही, माहेरी. खरंच तर होतं ते.

या गोष्टीला आता दीड-दोन महिने होत आले. भेटायला येणारी माणसं म्हणतात, रडून घे, मोकळी हो. मला रडायला आलेलं नाही. डबा भरते, शाळेत जाते, पेपर तपासते. अंगावर जाड घोंगडी घेऊन चालल्यासारखं वाटतं, एवढंच. मायबद्दल कुणी विचारलं की शेवटच्या महिन्यांमधलं काहीच आठवत नाही. आठवतो तो दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा, तिचं फुफ्फुसाचं ऑपरेशन झालं तो. म्हणून तेच लिहिते.

माय आंधळगावात तिच्या आवाजासाठी ओळखली जायची. बाबा तलावाच्या पाळीवर असले तरी घराच्या अंगणातून तिची हाक त्यांच्यापर्यंत पोचायची, आणि मग वाटेतले चारजण बाबांना सांगायचे, "जा बापा, बोलावणं आलं." नटण्यामुरडण्याची तिला भारी हौस. भाताच्या बांधीत रोवणीला जाताना सुद्धा भांग नीट पाडलेला, कपाळावर मोठं कुंकू. काही वर्षांपूर्वी तिच्या आतड्याचा कॅन्सर निघाला, नागपूरला ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले. त्या काळात ती घराबाहेरच पडली नाही. केस परत आले तशी पहिल्या दिवशी गावभर फिरून आली. आम्हाला वाटलं, संपलं. मग एका पावसाळ्याच्या शेवटी, नेहमीच्या तपासणीत डाव्या फुफ्फुसात एक गाठ दिसली.

नागपूरला माझा भाऊ दिलीप राहतो. तो, बाबा, मी आणि माय, असे चौघं डॉक्टरांसमोर बसलो होतो. डॉक्टर मायकडे न बघता दिलीपशी हळू आवाजात बोलत होते. "पसरला आहे" हे शब्द मी ऐकले आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. त्यावर एका औषध कंपनीचं नाव होतं. मायनं मात्र मधेच टोकलं. "डॉक्टरसाहेब, जिच्या आंगात हाय तिच्यासंग बोला ना. पसरला म्हंजे कुठवर पसरला?" डॉक्टर थोडे वरमले. मग त्यांनी कागदावर दोन फुफ्फुसं काढून दाखवली. गाठ एकच आहे, बाकी कुठं काही दिसत नाही, म्हणून फुफ्फुसाचा तेवढा भाग काढता येईल. ऑपरेशन मोठं आहे. पुन्हा येणार नाही असं कुणी सांगू शकत नाही, पण काढलं तर चांगला काळ मिळण्याची आशा आहे. मायनं चित्र निरखून बघितलं. "हे काढल्यावर माहा आवाज जाईन का?" डॉक्टर म्हणाले, सहसा जात नाही, सुरुवातीला धाप लागेल. "मंग काढा," माय म्हणाली. "पन मंडई झाल्यावर."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकीजावई येतात, सोयरे येतात, दिवसा दंडारवाल्यांचं नाचगाणं होतं, घराघरात पाहुण्यांच्या पंगती उठतात. आंधळगावच्या मंडईला अजून तीन आठवडे होते. दिलीप तिथंच चिडला. बाहेर आल्यावर म्हणाला, "माय, तुले समजते का काही? मंडई दरसाल येते." ती म्हणाली, "मीबी दरसाल येतो का?" डॉक्टरांनी मात्र तेवढ्या दिवसांनी फरक पडणार नाही असं सांगितलं. तोवर श्वासाचे व्यायाम करा म्हणून प्लास्टिकचं एक खेळणं दिलं, त्यात श्वास ओढला की आतले चेंडू वर उठायचे. माय घरापुढच्या सपरीत बसून ते चेंडू उचलायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची की नातवाचं खेळणं आहे. ऑपरेशनचं तिनं कुणालाच कळू दिलं नाही.

मंडईचा हट्ट तिनं का धरला ते मला दिलीपकडून कळलं. तिनं त्याला गुपचूप तुमसरला पाठवलं होतं, तारामावशीला बोलवायला. तारामावशी मायची धाकटी बहीण, मायला बाई म्हणायची. दिलीपच्या लग्नापासून दोघींचं बोलणं बंद होतं. लग्नात आहेर करताना मायनं माझ्या आत्याला आंधळगावची कोशाची रेशमी साडी दिली आणि मावशीला साधी. मावशी जेवणाच्या पंगतीतून उठून गेली, ती गेलीच. त्यानंतर मावशीचे यजमान वारले तेव्हा माय गेली होती, पण दोघी दोन कोपऱ्यांत बसल्या आणि न बोलता माय परत आली. आता दिलीपनं जाऊन मंडईचं आमंत्रण दिलं, आजाराबद्दल बोलायचं नाही अशी त्याला ताकीद होती. मावशी म्हणाली, "पाहू."

मंडईच्या दिवशी मायनं ठेवणीतली साडी नेसली, कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळल्या. प्रत्येक पाहुण्याला जेवायला घालताना तिचा डोळा रस्त्याकडे होता. दंडारवाले घरासमोर नाचून गेले, तिनं त्यांच्या नाच्याची थट्टा केली, सगळे हसले. मावशी आली नाही. संध्याकाळी भांडी आवरताना मी म्हटलं, "माय, मी फोन करू का मावशीले?" ती म्हणाली, "कायले? तिले पाय नाही का?" आणि पातेलं घासत राहिली.

दोन दिवसांनी आम्ही तिला नागपूरला नेलं. ऑपरेशनच्या सकाळी तिच्या बांगड्या काढताना मला काहीतरी वाटायला हवं होतं. मला फक्त त्या एकावर एक नीट रचून रुमालात बांधता आल्या. बाबा दाराशी उभे होते. ट्रॉली निघाली तेव्हा ते तिच्यामागे थोडं चालत गेले, मग वॉर्डबॉयनं त्यांना थांबवलं. माय झोपल्याझोपल्या म्हणाली, "जेवून घ्या. डबा खराब होईन." आम्ही जेवलोही. डबा सगळा संपवला.

गाठ पूर्ण निघाली, डॉक्टर खूष होते. खरी अडचण त्यानंतर आली. मायच्या बरगड्यांमधून एक नळी बाहेर काढलेली होती, ती खालच्या बाटलीत सोडलेली, बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे येत. फिजिओथेरपीच्या मॅडम दिवसातून कितीदा तरी यायच्या आणि सांगायच्या, आजी, जोरात खोका. उशी छातीशी धरा आणि खोका, आत कफ साचला तर न्यूमोनिया होईल. माय खोकायला तयार नव्हती. एकदा खोकली आणि त्या कळेनं तिचा चेहरा पांढरा पडला, त्यानंतर तिनं ओठच घट्ट मिटून घेतले. दिलीपनं समजावलं, मी हात जोडले, बाबांनी "खोकल वं जराशी" म्हणून केविलवाणं तोंड केलं. ती नुसती मान हलवायची. जिच्या हाकेनं तलावापलीकडचा माणूस वळायचा ती बाई चार दिवस खुणांनी बोलत होती. चौथ्या दिवशी ताप आला. ऑक्सिजनचा आकडा खाली येऊ लागला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, असंच राहिलं तर पुन्हा आयसीयूत न्यावं लागेल, कदाचित मशीनवरही. मी हो, हो म्हणत ऐकून घेतलं. परत येऊन खाटेजवळच्या स्टुलावर बसले आणि बाटलीतले बुडबुडे बघत राहिले...

त्या दुपारी भेटायच्या वेळेत दारात तारामावशी उभी दिसली. हातात कापडी पिशवी, उन्हानं तोंड लाल. दिलीपनं शेवटी तिला फोन केला होता. ती खाटेजवळ आली, मायकडे खालपासून वरपर्यंत बघितलं, नळीकडे बघितलं. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "आमंत्रण धाडाची हे रीत हाय का तुही? बिमार हावो म्हनून सांगाले तोंड नोहोतं?"

मायनं डोळे उघडले. भिंतीकडे तोंड फिरवलं.

"आता भितीकडे काय पाहते? मंडईले ये म्हंते. मले काय मालूम? मले वाटलं, मंडईत चार लोकाईत मले बसवन आनं पुन्हा तसंच लुगडं देईन!"

मायचा श्वास वाढलेला मला दिसला. मी मावशीचा हात धरून म्हटलं, "मावशी, आता नको ना..." पण माय वळली होती. चार दिवसांनी तिचा पहिला शब्द निघाला, फाटका, घोगरा. "तूनं... तूनं ते वापस धाडलं!"

"काय वापस धाडलं?"

"कोशाचं... लुगडं... माहेरच्या मानसाच्या हातून धाडलं होतं मी... मागून..." आणि तिला ठसका लागला. ती खोकली. उशी छातीशी ओढून, डोळ्यांतून पाणी काढत, सगळं अंग हलवत खोकली. बाटलीत बुडबुड्यांचा नुसता खळखळाट झाला. मॅडम धावत आल्या आणि म्हणाल्या, हां, अजून, अजून.

"मले नाही भेटलं कोनतंच लुगडं," मावशी म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "आईची आन, बाई, मले नाही भेटलं."

"खोटी बोलते..." माय म्हणाली आणि पुन्हा खोकली.

ते लुगडं कुठं गेलं, कुणी परत केलं की वाटेतच राहिलं, ते आजवर कुणालाच कळलेलं नाही. त्या दिवसापासून मावशी दवाखान्यातच राहिली. मॅडम आल्या की ती जुनं काहीतरी उकरून काढायची. लहानपणी बोडीच्या गाळात म्हैस कुणामुळं फसली, आई कुणावर जास्त जीव लावायची. माय चिडायची, बोलायची, खोकायची. बाकीच्या खाटांवरचे लोक आधी घाबरले, नंतर ऐकायला लागले. ताप उतरला. नळी निघाली. घरी जायच्या दिवशी मायनं आरसा मागितला, भांग पाडून घेतला आणि मावशीला म्हणाली, "तू कायले उभी हायस? पिशवी उचल."

त्यानंतर मायला जवळजवळ दीड वर्ष चांगलं मिळालं. धाप लागायची, पण हाक परत आली, पूर्वीइतकी लांब जात नसली तरी सपरीतून अंगणापर्यंत पुरायची. मग दोन्ही फुफ्फुसांत पुन्हा गाठी दिसल्या, यकृतातही. या वेळी ऑपरेशनचं कुणी बोललं नाही. दिलीपनं डॉक्टरांना विचारून टाकलं की मंडईसाठी थांबलो म्हणून तर नाही ना. ते नाही म्हणाले. त्यानं ते मला दोनदा सांगितलं. मावशी तुमसरचं घर मुलावर सोडून आंधळगावला येऊन राहिली. मायला न्हाऊमाखू तीच घालायची. शेवटच्या दिवसांत दोघी फारशा बोलत नव्हत्या. ती गेली त्या सकाळी, मावशीनं मला नंतर सांगितलं, मावशी तिचा भांग पाडून देत होती. अर्धा भांग पाडून झाला आणि माय गेली. मावशीनं उरलेला पाडला, मग बाबांना हाक मारली.

तेरावं झाल्यावर मायच्या साड्या वाटल्या. मावशीनं काही घेतलं नाही. मी खूप म्हटलं, तर म्हणाली, "मले काय करायचं?" ती परत तुमसरला जाईल असं आम्हाला वाटत होतं, पण तिनंही विषय काढला नाही आणि बाबांनीही विचारलं नाही.

मागच्या रविवारी मी आंधळगावला गेले. बाबा शेताकडे गेले होते. मावशी सपरीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती आणि तिच्या नाकावर मायचा चष्मा होता, जाड काळ्या काड्यांचा. मी पायरीशीच थांबले.

"माहा फुटला पलीकडच्या हप्त्यात," ती मान वर न करता म्हणाली. "म्हटलं पाहाव लावून बाईचा. नंबर एकच निंगाला... मस्त दिसून राहिलं."

मी तिच्याजवळ बसले. काचांवर डाग होते, उजव्या काचेवर तर बोटाचा अख्खा ठसा उमटलेला. तो कुणाचा ते मला ठाऊक होतं. मायला चष्मा काचेलाच धरून काढायची सवय होती. मी पदर पुढे केला. "आन मावशी, पुसून देतो."

तिनं हात आडवा धरला. "राहू दे," म्हणाली. "असंच दिसते मले." मग त्या काचांमधून माझ्याकडे बघत म्हणाली, "अशी काय पाहून राहिली? भाताचं आधन ठेव. तुहे बाबा येतीन आता."

मी उठले आणि आधण ठेवायला आत गेले.