बंबातले कोन

आमच्या घरात मार पडायचा तेव्हा बाहेर आवाज जात नसे. भिंतीपलीकडे यंत्रमागांची शेड आहे. तिच्या खडखडाटानं आमची फळीवरची ताटंसुद्धा थरथरतात. आप्पा तिथं माग चालवतात. आई आणि मी घरी कांड्या भरतो, म्हणजे पुठ्ठ्याच्या कोनावरचं सूत धोट्यात बसणाऱ्या छोट्या नळ्यांवर गुंडाळतो. सूत तुटलं, मालक बोलला, की आप्पा जेवायला येतानाच हात उगारून येत. आईच्या कानाखाली बसली की ती कांड्यांचं मशीन बंद करायची, पदर सारखा करायची आणि मशीन पुन्हा चालू करायची.

माझी छाती धडधडायची. कॉलेजात हजेरी चालू असतानाही तळहातांना घाम फुटायचा. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे अभ्यास झेपत नाही म्हणून असं होतंय, असं मला वाटे. समुपदेशनाच्या मॅडमनी विचारलं, "भीती कशाची वाटते?" मी म्हणाले, "आप्पांची." ते खोटं नव्हतं, पण खरी भीती मला माझ्या हातांची होती. एक दिवस मी आप्पांच्या डोक्यात काहीतरी घालणार, असं रोज वाटायचं.

मॅडम म्हणाल्या, "मनात येईल ते न थांबता लिहा. शुद्धलेखन बघू नका. झालं की फाडून टाका."

आमच्या एका खोलीत कागद लपवायला जागा नाही. म्हणून मी रिकाम्या कोनावर लिहू लागले. कोन फिरवत राहिलं की ओळ संपतच नाही, हात उचलावा लागत नाही. मी लिहायचे, आप्पांची बोटं मागात अडकवली. मी लिहायचे, मागात इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याचं लोखंडी टोक त्यांच्या कपाळात घुसवलं, रक्त डोळ्यांत उतरलं, ते ओरडले आणि शेडच्या आवाजात कुणालाच ऐकू आलं नाही. पेन पुठ्ठ्यात रुतायचं. मग हळूहळू श्वास संथ व्हायचा, आणि मला भूक लागायची.

कोन फाटत नाही. सकाळी आई दाराबाहेर बंब पेटवायची तेव्हा मी तो विस्तवात टाकायचे. त्यावर तापलेल्या पाण्यानं आप्पा अंघोळ करायचे. "आज पानी कडक हाय," म्हणायचे.

एकदा घाव लिहून झाला तरी कोनावर जागा उरली होती. न थांबता लिहायचं होतं, म्हणून हात पुढे गेला. आप्पा पडले. आई धावली, पण माझ्याकडे नाही. ती त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि माझ्याकडे बघेना. ते लिहून मला बरं वाटलं नाही. तोही कोन मी जाळला.

नंतर एका दुपारी भाकरी गार झाली म्हणून आप्पांनी आईचे केस धरले आणि तिचं डोकं मशीनवर आपटलं. भुवईतून रक्त आलं. खिडकीत दुरुस्तीला आणलेला धोटा होता. तो माझ्या हातात कधी आला, कळलं नाही.

"मारतीस? मार की! कालिजात हेच शिकिवत्यात व्हय?"

"आप्पा, केस सोडा."

"न्हाय सोडत."

मी हात उचलला. पुढचं सगळं मला पाठ होतं. आईची ती मांडीही दिसली. मी धोटा खिडकीबाहेर गटारात फेकला आणि दोन्ही हातांनी आप्पांचं मनगट पिरगाळलं. केस सुटेपर्यंत पिरगाळत राहिले. त्यांनी दुसऱ्या हातानं माझ्या तोंडावर मारलं. ओठ फुटला. मी मनगट सोडलं नाही.

"परत आईला हात लावलात तर चौकीत जाणार."

ते थुंकले आणि शेडमध्ये गेले. त्यानंतर त्यांनी हात उचलला नाही, असं मला लिहिता येत नाही. पण उचलण्याआधी ते आता माझ्याकडे बघतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंबाजवळ लिहीत होते. आईची भुवई काळीनिळी झाली होती.

"रोज काय लिवतीस गं त्याच्यावर?"

"राग."

"मग मला बी दे की एक."

आईला लिहिता येत नाही. तिनं पेन मुठीत धरलं आणि एकाच जागी घासत राहिली, दात आवळून, पुठ्ठ्याला भोक पडेपर्यंत. मग कोन स्वतःच्या हातानं विस्तवात कोंबला.

आतून आप्पांनी विचारलं, "पानी तापलं का?"

"तापतंय," आई म्हणाली, आणि तिनं दुसरा कोन उचलला.