शेऱ्याच्या रकान्यातील नाडी

१९७८ च्या जुलै महिन्यातील पाणीपातळीची नोंदवही तपासताना मला शेऱ्याच्या रकान्यात रोज एक आकडा आढळला: ५८, ५७, ५९, पुन्हा ५८. नाशिकमधील पाटबंधारे खात्याच्या एका उपविभागीय कार्यालयात मी तेव्हा मुख्य कारकून होतो आणि घोटीकडच्या एका धरणाची नोंदवही दर सोमवारी माझ्या टेबलावर येत असे. पातळी, पाऊस, सांडव्यावरून गेलेले पाणी यांना स्वतंत्र रकाने होते. शेऱ्यात ‘दुसऱ्या दरवाजाला वंगण दिले’ अशा स्वरूपाचा मजकूर अपेक्षित होता. मी पेन्सिलीने खुणा करून खुलासा मागवला. पुढच्या सोमवारी नोंदवहीबरोबर एक चिठ्ठी आली: ‘सदर आकडे माझ्या नाडीचे आहेत. स. भि. पगारे, मापक.’

चिठ्ठी देणारे स्वतः सहादू भिमाजी पगारे माझ्यासमोर उभे होते. वय तीस, बांधा सडपातळ, पायजम्याच्या दोन्ही पायांना सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून लावलेल्या क्लिपा. धरणापासून कार्यालय अडतीस किलोमीटर. एसटीची सोय असूनही ते नोंदवही सायकलने आणत. शासकीय नोंदवहीत खासगी मजकूर लिहू नये, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी मान्य केले. मात्र धरणावर दुसरा कागद नव्हता आणि आकडा लागलीच लिहिला नाही तर तो मनात बदलतो, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यात तथ्य होते. मी त्यांना एक शंभर पानी वही स्वतः आखून दिली. तारीख, उठल्यावरची नाडी, अंतर, लागलेला वेळ, खाणे आणि शेरा, असे सहा रकाने त्यात केले. आमचा परिचय तिथून सुरू झाला.

नाडी मोजण्यामागचा इतिहास मला क्रमाक्रमाने कळला. १९७७ च्या प्रजासत्ताकदिनी शहरातील एका व्यायामशाळेने नाशिक–घोटी–नाशिक अशी सायकल शर्यत ठेवली होती. पगारे तीत उतरले. पोट हलके तर सायकल हलकी, असा त्यांचा समज असल्यामुळे पहाटे केवळ एक कप चहा घेऊन ते निघाले. घोटीपर्यंत ते पहिल्या पाचांत होते. परतताना वाडीवऱ्ह्याच्या पुढे त्यांचे हातपाय गार पडले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिले. शर्यतीवर देखरेख करणाऱ्या देवळाली कॅम्पमधील एका व्यायाम हवालदाराने त्यांना गूळ आणि शेंगदाणे चारले, वीस मिनिटांत उभे केले आणि दोन गोष्टी सांगितल्या. सायकलस्वाराने भूक लागण्याआधी खावे, ही पहिली. सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच, नाडी मोजावी. ती नेहमीपेक्षा पाच-सहा ठोक्यांनी जास्त भरली तर त्या दिवशी शरीराला विसावा द्यावा, ही दुसरी.

रोज ठरल्या वेळी पाण्याची पातळी घेणाऱ्या माणसाला हे पटण्यास वेळ लागला नाही. ते पूर्ण एक मिनिट मोजत. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याची सोपी रीत मी सुचवली, तेव्हा ते म्हणाले, “गुणलं की चूकबी चौपट होती, भाऊसाहेब.”

खाण्याच्या रकान्यातही त्यांनी तीच काटेकोर दृष्टी ठेवली. निघण्याआधी तीन तास नागलीची भाकरी आणि ताक. निघताना मीठ घातलेली तांदळाची पेज. वाटेत दर अर्ध्या तासाला मूठभर गूळ-शेंगदाणे. बाटलीत लिंबू, मीठ आणि साखर घातलेले पाणी. यातील प्रत्येक गोष्ट त्यांनी महिना-महिनाभर करून, वेळ ताडून मग ठरवली होती. भाकरी निघण्याच्या तासभर आधी खाल्ली तर विल्होळीच्या चढावर पोटात दुखते, केळी दोनपेक्षा जास्त झाली तर पाय जड होतात, अशा नोंदी त्यात आहेत. त्यांच्या पत्नी मालनबाई या व्यवहाराला वैतागल्या होत्या. एकदा मी पाहणीनिमित्त धरणावर गेलो असता त्यांनी चहा देता देता मला ऐकवले, “धरणात पाणी किती ते हे सरकारला सांगत्यात, आन् ह्यांच्या पोटात पेज किती ती मी वाटीनं मोजायची. सरकार मला पगार देतं का, इचारा की.” पगारे यांनी त्यावर फक्त वाटी पुढे केली.

दोन वर्षांत नाडी अठ्ठावन्नवरून चव्वेचाळीसवर उतरली. ती एका दिवसात उतरली नाही. वहीत तिचा उतार उन्हाळ्यातल्या धरणासारखा, दीड-दोन महिन्यांना एखाद्या ठोक्याने, दिसतो. १९८० च्या शर्यतीत ते चौथे आले.

मार्च १९८१ मध्ये त्यांना सेवेत कायम करण्याचा प्रस्ताव मंजूर झाला. अकरा वर्षे ते कार्यभारित आस्थापनेवर, म्हणजे काम असेल तोवर, होते. अट एकच उरली होती: एकतीस मार्चपूर्वी शारीरिक पात्रतेचा दाखला. तो न आल्यास जागा ज्येष्ठता यादीतील पुढच्या माणसाला जाणार होती आणि तशी जागा पुन्हा केव्हा निघेल, हे कोणीच सांगू शकत नव्हते.

तपासणी करणारे वैद्यकीय अधिकारी तरुण होते आणि बाहेर रांग मोठी होती. त्यांनी पंधरा सेकंद नाडी पाहिली आणि लिहिले: ‘नाडी ४०, अतिमंद. हृदयविकाराचा संशय. सेवेस अपात्र.’ पगारे तो कागद घेऊन माझ्याकडे आले. अपात्र या शब्दावर ते काही बोलले नाहीत. चाळीस या आकड्यावर मात्र त्यांनी बोट ठेवले आणि तो चुकीचा असल्याचे दोनदा सांगितले.

वरिष्ठ अधिकाऱ्यांकडून फेरतपासणीची तरतूद नियमात होती. मी त्याच दिवशी अर्ज तयार केला आणि सत्तावीस मार्च ही तारीख मिळाली. आमचे टंकलेखक गोरक्ष जाधव यांनी मात्र याहून सोपा मार्ग काढला.

“सहादूभाऊ, दवाखान्याला तीन मजले आहेत. पळत चढा, पळत उतरा, वर दोन कडक चहा मारा आणि मग हात पुढं करा. नाडी सत्तरच्या खाली आली तर माझं नाव बदला.”

कार्यालयातील सर्वांना हा सल्ला पसंत पडला. मीही त्याला विरोध केला नाही, हे इथे नमूद करणे आवश्यक आहे. पगारे मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पाऊस नाय झाला तर पाणी मोजायच्या पट्टीवर बादली ओतून पातळी लिहायची का, भाऊसाहेब?”

जाधवांनी यंत्रात नवा कागद चढवला.

फेरतपासणीला मी अर्ध्या दिवसाची रजा काढून त्यांच्यासोबत गेलो. डॉ. उत्तरा चिटणीस या निवृत्तीला आलेल्या, मितभाषी बाई होत्या. त्यांनी घड्याळ टेबलावर ठेवून पूर्ण मिनिट नाडी मोजली. “चव्वेचाळीस.” पगारे यांनी मान डोलावली. चक्कर येते का, दम लागतो का, जिना चढताना छातीत दुखते का, असे त्यांनी विचारले. पगारे यांनी नाही म्हणून वही पुढे केली. बाईंनी ती सुरुवातीपासून चाळली आणि मध्येच एकदा पेज कशी करतात, तेही विचारले. मग त्यांनी लाकडी पायरी मागवली आणि पगारे यांना तीन मिनिटे चढउतार करायला लावले. थांबताच नाडी ११२ भरली. एका मिनिटानंतर ७०. तीन मिनिटांनंतर ५०. शेवटी त्यांनी हृदयाचा आलेख काढून घेतला, तो खिडकीजवळ नेऊन पाहिला आणि दाखला लिहिला: ‘नाडी ४४, नियमित. दीर्घ सायकल सरावाचा परिणाम. सेवेस पात्र.’ मला उद्देशून त्या एवढेच बोलल्या की नाडी किती वर जाते, यापेक्षा ती किती लवकर परतते, ते पाहायचे असते.

तीस मार्चला कायम नियुक्तीचा आदेश निघाला.

एप्रिलमध्ये सेवापुस्तके तपासताना दाखल्याची नोंद माझ्या पाहण्यात आली. ती जाधवांनी केली होती आणि नाडीचा आकडा ७४ होता. मी त्यांना बोलावून विचारले. मूळ दाखल्यावरील पहिला चार हा घाईत लिहिलेला सात असावा, असे वाटून आपण ‘सुधारून’ लिहिला, असे ते म्हणाले. त्यात किती गैरसमज होता आणि किती स्नेह, हे मी विचारले नाही. नोंदीवर साहेबांची सही झालेली होती. दुरुस्तीसाठी कागद पुन्हा वर जाणार, अपात्रतेचा पहिला शेरा पुन्हा निघणार आणि प्रकरण नव्याने उघडणार, हे मला स्पष्ट दिसत होते. मी पुस्तक मिटले. चाळीस वर्षांच्या सेवेत एखादी चूक दिसूनही मी पुस्तक मिटल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

परंतु सेवापुस्तकावर दरवर्षी कर्मचाऱ्याची सही घ्यावी लागते. मे महिन्यात पगारे सहीसाठी आले आणि सवयीप्रमाणे आधी वाचू लागले.

“ही नाडी माझी नाय.”

“पगारे, तुम्ही कायम झाला आहात. आता हा आकडा कोण पाहणार?”

“मी बघतोय ना.”

मी त्यांना धोका सांगितला. विचारणा झाली तर आदेशालाच स्थगिती येऊ शकते, हेही स्पष्ट केले.  अकरा वर्षांनी जागा मिळाली, मालनबाईंना अजून नीट हसूही आलेले नाही, असे काहीसे ते पुटपुटले. मग त्यांनी टाक माझ्याकडे परत दिला आणि म्हणाले, “चौऱ्याहत्तरवर सही केली तर उद्या माझी धरणाची पातळी तरी कोण खरी धरंल?”

मी दुरुस्तीचा प्रस्ताव लिहिला. जे होणार असे मला वाटले होते, ते झाले. अशी नाडी असताना नियुक्ती कशी दिली, अशी विचारणा वरून आली आणि आदेश खुलासा होईपर्यंत स्थगित राहिला. जून गेला, जुलै गेला. पगारे सोमवारी नोंदवही घेऊन येत, स्थगितीबद्दल विचारत नसत आणि निघताना बाटली भरून घेत. जाधवांनी त्या दोन महिन्यांत त्यांच्याकडे मान वर करून पाहिले नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात डॉ. चिटणीस यांचे दोन ओळींचे उत्तर आले. आपण लिहिलेला आकडा बरोबर असून तो या माणसाच्या आरोग्याचा पुरावा आहे, असे त्यात होते. स्थगिती उठली.

मी ७४ वर तांबड्या शाईने एक आडवी रेघ ओढली, वर ४४ लिहिले आणि साहेबांची सही घेतली. सोमवारी पगारे यांनी पुस्तक उजेडाकडे धरून पाहिले. खोडलेला आकडा वाचता आला पाहिजे, तो खरवडलेला नसावा, हा आमच्याकडचा जुना नियम. रेघेखालचे चौऱ्याहत्तर स्पष्ट दिसत होते. त्यांनी खाली सही केली.