तिघंही मागं, मग पुढं कोण?

तुमच्या अंकात लोकांचे भुताखेताचे अनुभव छापून येतात. मी ते वाचतो आणि हसतो. अर्ध्या लोकांना झोपेत दिसलेलं असतं, उरलेल्यांना पिऊन. मी चौथी शिकलेला माणूस. कोरपन्याजवळ कापूस-जवारी करण्यात जन्म गेला. अंगात आलेल्या बाईला "उठ, भाकरी टाक" म्हणणाऱ्यांपैकी मी. तेव्हा हे लिहितोय म्हणजे म्हातारपणी माझा विश्वास बसला असं कोणी समजू नये. मला फक्त एक गोष्ट विचारायची आहे.

माझी बायको भागरता आठ महिन्यांमागं गेली. ती होती तोवर या गोष्टीवरून आमचं भांडण व्हायचं — दर वर्षी, नेमानं. आता भांडायला घरात कोणी नाही, म्हणून कागदावर लिहितोय.

छप्पन सालच्या आधीची गोष्ट. तेव्हा आमची राजुरा-कोरपन्याची बाजू हैदराबाद राज्यात होती. भागरताचा धाकटा भाऊ महादू बापाशी भांडून एका लाकडाच्या व्यापाऱ्यासोबत निघून गेला होता. पाच वर्षांत त्याचं एकच कार्ड आलं — हैदराबादेत आहे, चारमिनारच्या बाजूला राहतो, बरा आहे. बस. पत्ता नाही. मग बाप मेला, ते त्याला कळलंही नाही. आणि दिवाळीनंतर माझ्या सासूनं अन्न सोडलं. तोंडाजवळ नेलेलं आंबील हातानं सारायची आणि म्हणायची, महादू आला का?

भागरता म्हणाली, मी त्याले आणतो. एकटी निघालीच होती, म्हणून मी निघालो. कापूस वेचणीला आला होता, माझा जीव शेतात. मी तिला स्पष्ट सांगितलं की दोन दिवस शोधीन, तिसऱ्या दिवशी परत. सासू तितके दिवस तरी काढते की नाही, याची दोघांनाही खात्री नव्हती. 

बैलगाडीनं राजुरा, नावेनं नदी, बल्लारशाहून आगगाडी. हैदराबादेत उतरलो तर माणसंच माणसं. धर्मशाळेतल्या एकानं सांगितलं की चारमिनारपाशी गाईड बसतात, सरकारी पितळी बिल्ला असलेलाच घ्या, बाकीचे फसवतात.

आता इथं आमची चूक सांगतो. आमच्याकडं रानातून परक्या गावाला जायचं तर त्या गावचा वाटाड्या घेतात. वाटाड्याला सगळं ठाऊक असतं — कोणाचं घर कुठं, कोणाची लेक कुठं दिली, कोणाचा बैल कधी मेला. आम्हाला वाटलं, गाईड म्हणजे शहराचा वाटाड्या. त्यात सरकारनं बिल्ला दिलेला! म्हणजे याला तर घरन् घर माहीत असणार.

कादर मियाँ नाव होतं त्याचं. काळी शेरवानी, छातीवर बिल्ला, तोंडात पान. त्यानं आम्हाला चारमिनार दाखवला, कोणत्या राजानं बांधला ते सांगितलं. भागरतानं वर मान करून पाहिलंसुद्धा नाही. त्याचं संपल्यावर तिनं कार्ड पुढं केलं.

"भाऊ, हे सगळं बेस हाये. आता महादू कुठी राह्यते ते दाखवा."

तो आधी समजलाच नाही. समजल्यावर हसून हसून पायरीवर बसला. "अम्मा, यहाँ लाखों लोगाँ रहते. मैं एक-एक का घर कैसा जानूँगा?"

"मंग सरकारनं हा बिल्ला तुमाले काऊन देल्ला?"

तो हसायचा थांबला. मी तिला म्हटलं, चाल, याच्याजवळ काही नाही. ती हलली नाही. म्हणाली, माय तिकडं उपाशी हाये, मी बिना महादूची येत नाई. कादर मियाँनं कार्ड दोन-तीनदा उलटंपालटं केलं. मग उठला आणि म्हणाला की लाकडाच्या वखारी आहेत तिकडं जाऊन विचारू, मिळाला तर नशीब.

आणि आम्ही चालायला लागलो. दुपारचं लख्ख ऊन होतं. अंधार नव्हता, धुकं नव्हतं, मी शुद्धीवर होतो... हे ध्यानात ठेवा.

आम्ही रानातली माणसं शेजारी-शेजारी चालत नाही, एकामागं एक चालतो. सगळ्यात पुढं कादर मियाँ, मध्ये मी, मागं भागरता. मी पूर्ण वाट त्याची काळी पाठ पाहत चाललो. एक गल्ली, दुसरी गल्ली, बांगड्यांची दुकानं, मग कसाबांची आळी, मग एक पडकी भिंत. आमच्याकडं रानात वाट फुटली की पुढचा माणूस एक डहाळी तोडतो आणि ज्या वाटेनं गेला त्या वाटेकडं तिचं तुटकं टोक करून खाली ठेवतो, म्हणजे मागून येणारा चुकत नाही. कादर मियाँ दर वळणावर तसाच वाकत होता. खाली काहीतरी ठेवत होता. मला बरं वाटलं. म्हटलं, पक्का वाटाड्या आहे, मघाशी उगाच हसला.

एकच गोष्ट तेव्हा मनाला लागायला हवी होती, ती लागली नाही. वखारीत विचारू म्हणाला होता, पण त्या पूर्ण वाटेत कोणी कोणाला एक शब्द विचारला नाही.

एका पत्र्याच्या दारापाशी आम्ही थांबलो. आत खाटेवर महादू पडला होता. पायावर ओंडका पडून नडगी मोडलेली, दाढी वाढलेली. भागरताला पाहून तो उठायला गेला, उठता येईना.

"बाई, तुले घर कोनं सांगतलं? मी तं हे घर महिन्याआधीच धरलं."

तिनं त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि मग तिथंच बसून रडली. बाप गेल्याचं तिनंच सांगितलं. त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

मी बाहेर आलो. कादर मियाँ दारात उभा, शेरवानी घामानं भिजलेली. माझ्यावर तडकलाच.

"तुमकू रास्ता मालूम था तो मेरेकू कायकू लिए?"

मी म्हटलं, मियाँ, वाट तुम्ही दाखवली, मी तुमच्या मागं होतो.

"अल्ला कसम, मैं तो अम्मा के पीछे था. अम्मा आगे-आगे, हर मोड पे झुक के कुछ रख रहे थे. मैं ये गल्ली में जिंदगी में पहली बार आया."

मी भागरताला बाहेर बोलावलं. ती डोळे पुसत आली.

"मी? मी तं तुमच्या मांगं होती. तुमी वाकू-वाकू डहाळ्या ठेवत होते. मले वाटलं, यायले वाट कशी समजून राह्यली?"

माझा उजवा गुडघा नांगर लागल्यापासून वाकत नाही. तेव्हाही वाकत नव्हता. हे तिलाही माहीत.

आम्ही तिघं एकमेकांकडं पाहत उभे. आतून महादू सगळं ऐकत होता. खाटेवरूनच म्हणाला, "तिघंबी मांगं, मंग पुढं कोन होतं?"

त्याला गंमत वाटली. आम्हाला नाही वाटली.

मी गल्लीच्या वळणापर्यंत गेलो. खाली डहाळी होती. मोहाची. मी ओळखायला चुकणार नाही, जन्म मोहाखाली गेला. तुटक्या टोकाला पांढरा चीक अजून ओला होता, आणि टोक महादूच्या दाराकडं. कादर मियाँनं डहाळी हातात घेऊन विचारलं, हे कशाचं झाड? त्यानं मोह पाहिलाच नव्हता. महादूला रिक्षात घालून आम्ही त्याच वाटेनं परत निघालो तेव्हा मी वळणं मोजली. अकरा वळणं, अकरा डहाळ्या. सगळ्यांचा चीक ओला.

चारमिनारपाशी कादर मियाँनं बिल्ला काढून खिशात टाकला. म्हणाला, आज इसका काम नहीं था. पैसे घेईना, मी जबरदस्तीनं खिशात कोंबले. आम्ही निघालो तरी तो तिथंच उभा होता. बोटाला लागलेला चीक चोळून पाहत होता.

सासू महादूच्या हातचं आंबील प्यायली. पुढं चार वर्षं जगली, आणि त्या चार वर्षांत मला चार हजार शिव्या दिल्या.

मी काही कमी डोकं चालवलं नाही. वाटलं, भागरतानं गावाहून डहाळ्या आणल्या असतील. पण तिच्या गाठोड्यात भाकरी आणि माझं धोतर, गाठोडं मीच बांधलं होतं. आणि एक दिवस-एक रात्रीच्या प्रवासात पान सुकतं, चीक ओला राहत नाही. वाटलं, तिथंच कुठं मोह असेल. परतताना मी त्या गल्ल्यांत मान वर करून पाहत आलो होतो. एक कडुनिंब होता, आणि एक चिंच. वाटलं, कादर मियाँनं खेळ केला. पण महादूचं घर त्याला कोण सांगणार? आणि खेळच करायचा तर मग बक्षीस मागितलं नसतं का त्यानं?

भागरता मरेपर्यंत म्हणत राहिली की मीच पुढं होतो. मी म्हणायचो, तूच असशील, तुझा भाऊ होता. शेवटच्या आजारात एकदा मी तिला म्हटलं, आता तरी खरं सांग. ती म्हणाली, "मी पुढं असती तं मांगं वळून पाह्यलं नसतं का, तुमी येता का नाई म्हनून?"

 ती तशीच होती. शेतावर जाताना दहा वेळा मागं पाहायची.

तिला पोचवून परतताना लोकांनी रिवाजाप्रमाणं वाटेवर बाभळीचा काटा आडवा टाकला, गेलेल्यानं मागं फिरू नये म्हणून. सगळे ओलांडून पुढं गेले. मी शेवटी होतो. मी तो काटा उचलून बाजूला फेकला. लेकानं पाहिलं.

आता वाट फुटते तिथं मी थांबतो आणि खाली पाहतो. डहाळ्या पडलेल्या असतात, शेळ्यांनी ओरबाडलेल्या. टोकं कुठल्याही बाजूला.

हैदराबादेत त्या दिवशी पुढं कोण होतं, कोणाला कळत असेल तर कळवा. मला कळलेलं नाही. आता मात्र भागरता पुढं आहे आणि मी मागं, यावर ती तरी काय भांडणार?