विदूषकाला शोधलं कुणी?

फोन आला तेव्हा मी बोरगाव मेघे गावातल्या माझ्या घरी मेथी निवडत बसले होते. "मॅडम, हे गेले," एवढंच खवशे वहिनी म्हणाल्या आणि फोन तसाच सुरू राहिला... पलीकडून कुणाचं तरी रडणं, भांड्यांचे आवाज ऐकू येत राहिले. गुलाब खवशे गेले. कारंज्याच्या शाळेत आम्ही दोघं एकत्र नोकरीला होतो. ते मराठी शिकवायचे, मी इंग्रजी. माणूस लाखमोलाचा, फक्त जिभेला हाड नाही.

ती जीभ खरी सुटायची त्यांच्या गावी, पोळ्याच्या दिवशी. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की आमच्याकडे झडत्या म्हणतात. झडती म्हणजे यमक जुळवून भर गर्दीत केलेली कुणाचीही चेष्टा. सरपंच असो की पाटील, ऐकून घ्यायचं आणि हसायचं, राग धरायचा नाही असा रिवाज. गुलाबभाऊ लिंबाखालच्या दगडावर पाय ठेवून उभे राहिले की भलेभले गर्दीत मागं सरकायचे. एका पोळ्याला त्यांनी थोरल्या भावालाच धरलं. माधवदादांनी हयातीतच सगळं वावर तिन्ही मुलांच्या नावे करून दिलं होतं, आणि आता त्यांच्याच दारी पाहुण्यासारखे जात होते. गुलाबभाऊंनी आवाज लावला:

"तीन पोरायले वाटलं वावर,
एका घरी चहा, एका घरी साखर,
तिसरी सून म्हने, मामाजी,
कप घेऊन या अगोदर."

गाव पोट धरून हसलं. चिमटा मुलांना काढायचा होता, बसला बापाला. दादांनी तोरण तुटून पोळा फुटायच्या आधीच जोडी वळवली आणि घर गाठलं. त्यानंतर एका भिंतीला लागून राहणारे हे दोघे भाऊ एकमेकांशी कधी बोलले नाहीत. गुलाबभाऊ दोनदा दारात जाऊन आले. दादा उठून आत निघून गेले.

पुढे एकदा मधल्या सुट्टीत मी त्यांना त्या जगप्रसिद्ध शोकांतिकेची गोष्ट सांगत होते. म्हातारा राजा लेकींना राज्य वाटून देतो आणि वादळात उघड्यावर येतो, सोबतीला उरतो फक्त विदूषक. गुलाबभाऊ डबा तसाच ठेवून ऐकत होते. "मंग त्या विदूषकाचं काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, नाटकातून मध्येच नाहीसा होतो. "असं कसं, मॅडम? कोनी शोधलंच नाई त्याले?"

शोधायचं काम मग त्यांनीच अंगावर घेतलं. निवृत्तीनंतर सगळी शोकांतिका विदूषकाच्या तोंडून, अस्सल वऱ्हाडीत लिहून काढली. कादंबरी इतकी हसवणारी की मी ती बसमध्ये वाचताना शेजारच्या बाईनं मला दोनदा निरखून पाहिलं. भर वादळात राजा आभाळाला शिव्या देतो, तर विदूषक म्हणतो, "राजे, राज्य गेलं ते गेलं, आता माह्या चपला तरी वाहून जाऊ देऊ नका." त्यांचा विदूषक मध्येच नाहीसा होत नाही. चारचौघांत नको ते खरं बोलून बसल्याची टोचणी त्याला आहे, म्हणून तो शेवटपर्यंत राजाच्या मागं हिंडतो, त्यानं एकदा आपल्याकडे बघून हसावं म्हणून. राजा हसत नाही. तोंड फिरवून मरतो. मी विचारलं, तुमचंच तर पुस्तक, मग राजाला का नाही हसवलंत? ते चष्मा पुसत म्हणाले, "ते माह्या हातात हाय का?"

पहिली प्रत त्यांनी भावाच्या ओसरीवर ठेवली होती. ती आत गेली एवढं त्यांना दिसलं. पुढचं काही कळलं नाही, आणि कळायच्या आत गुलाबभाऊ गेले. हृदयविकाराचं निमित्त झालं.

पोळ्याला यायचा वहिनींचा आग्रह झाला, "पोयाले येजा," म्हणून यंदा मी गेले. गावात आता ट्रॅक्टर झाले, जोड्या मोजक्याच उरल्यात. दुःखाचं घर म्हणून खवश्यांच्या बैलांवर झूल नव्हती, पण जोडी आली होती, कासरा माधवदादांच्या हातात. तोरणाखाली सगळे नुसते उभे. झडती कुणी सुरू करेना. तेवढ्यात दादांनी घसा साफ केला. जन्मात कधी झडती न म्हटलेला माणूस, अडखळत, तीच म्हणू लागला. तीन पोरं, वावर, चहा, साखर... एक शब्द चुकला नाही. कप घेऊन येण्याच्या ओळीला कुणी हसलं नाही. लोक खाली बघायला लागले.

"हासा ना बाप्पा," दादा म्हणाले, "माह्या भावाची हाय ते." आणि लिंबाकडे पाहत आधी तेच हसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होते.

मला गुलाबभाऊंचा फार राग आला. आयुष्यभर पोळा चुकवला नाही माणसानं, यंदाचा तेवढा चुकवला. मग गावही हसलं, जोड्या हलल्या, तोरण तुटलं. लिंबाखालच्या दगडावर मात्र कुणी पाय ठेवला नाही.