तीन खाचांचं गॅस्केट

आमच्या ट्रकचं इंजिन मूळ कोणत्या कंपनीचं, हे ओळखायला खुद्द त्या कंपनीलाही चार दिवस लागले असते. टर्बो एका मोठ्या गाडीचा, रेडिएटर त्याहून मोठ्या गाडीचा आणि डिझेलच्या पंपाचा स्क्रू मी स्वतः असा पिळला होता, की ॲक्सिलेटरवर पाय ठेवला की अर्ध्या गारखेड्यातल्या वाळत घातलेल्या साड्या आपोआप घडी होऊन घरात जायच्या. ब्लॉकचा माथाही दोनदा घासून गुळगुळीत करून घेतलेला. गाडी तरणीबांड झाली होती. खोड एकच, हेड गॅस्केट टिकत नव्हतं.

ज्यांनी इंजिन उघडलेलं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाली ब्लॉक, त्यात पिस्टन वरखाली पळतात. वर हेड, म्हणजे झाकण. दोघांच्या मधे पोळीसारखा पातळ पत्रा, ते गॅस्केट. ते फाटलं की पाणी, तेल आणि धूर एका पंगतीला बसतात. आमच्याकडं ती पंगत सारखी उठत-बसत होती.

गाडीत अर्धी भागीदारी मेहुण्याची. तो शेंद्र्याला कारखान्यात सुपरवायझर. तिथली यंत्रं कधीच बिघडत नाहीत, असं तो सांगतो.

“दाजी, बास झालं. घाला ती भंगारात.”

“भंगारात? अरे, ही गाडी वेरूळची लेणी बांधून ओढत आणंल!”

“आधी गॅरेजपासून घरापर्यंत तर येऊ द्या तिला.”

शेवटी माझ्या बायकोनं आम्हा दोघांना समोर बसवून निकाल दिला. देवगाव रंगारीहून मक्याची पोती भरायची आणि वेरूळपासून खुलताबादचा घाट न थांबता चढायचा. चढली तर भावानं भंगार हा शब्द तोंडातून काढायचा नाही. थांबली, तर गाडी तिथूनच भंगारवाल्याकडं. मी छाती पुढं काढून व्हय म्हणालो. छातीच्या आत काय चाललं होतं ते मी कुणाला दाखवलं नाय.

आमचा मिस्त्री जुना माणूस. त्याची एक रीत होती. पिस्टनवर मळलेल्या कणकेच्या गोळ्या ठेवायच्या, जुनंच गॅस्केट घालून हेड आवळायचं, इंजिन हातानं फिरवायचं आणि पुन्हा उघडायचं. गोळी चेपून जेवढी जाड राहिली, तेवढी पिस्टन आणि हेडमधली फट. फट कमी असली तर गॅस्केट जाड घ्यायचं. जाडी ओळखायची खूण म्हणजे गॅस्केटच्या कडेला असलेल्या खाचा. एक खाच पातळ, दोन मध्यम, तीन जाड.

“सेठ, जाडी डाले तो सकाळी स्टार्ट होने को नखरे करती, पतली डाले तो फटती,” मिस्त्री म्हणाला. “नापे बिगर नक्को.”

शेजारच्या ढाब्यावरून तंदूरच्या रोटीची कणीक आणली. गोळ्या ठेवल्या, हेड आवळलं, उघडलं, मोजलं. फट ऐसपैस! दोन खाचांचं बसवलं आणि मोठ्या ऐटीत बायपासला चक्कर मारायला निघालो. पहिल्याच पुलावर रेडिएटरमधून अशी वाफ उसळली, की मागचे गाडीवाले धुकं पडलं म्हणून लाईट लावून चालू लागले.

मेहुण्याला बातमी कळायला फोनची गरज लागली नाही. वाफ शेंद्र्यापर्यंत पोचली असावी. त्यानं लगेच ओळखीचा भंगारवाला गाठला. घाटाच्या पायथ्याला टेम्पो घेऊन थांब म्हणाला, आणि दोर जाड आण.

त्या दुपारी मी घरी ताटावर बसलो. बायको भाकरी थापत होती. शेजारी पोरांसाठी पोळीची कणीक. बसल्या बसल्या मी कणकेच्या गोळ्यावर बोट दाबलं. खड्डा पडला, आणि बघता बघता बुजत आला. मग ज्वारीच्या पिठावर दाबलं. खड्डा पडला तो तसाच, अगदी बोटाच्या रेषांसकट.

“हे परत का नाय फुगत?” मी ओरडलो.

“ज्वारी हाय ती. थापली तिथं राहते. गव्हाला ताण असतो, तो माघारी येतो. इतक्या वर्षांत काय डोळे मिटून जेवलात?”

मी ताटावरून उठलो. ढाब्याची कणीक चेपली गेली होती, पण हेड उचलल्याबरोबर पुन्हा फुगली होती! आम्ही फट मोजलीच नव्हती, गव्हाचा रुसवा मोजला होता. परातीतला ज्वारीचा गोळा ओल्या फडक्यात बांधून मी गॅरेजकडं पळालो.

मिस्त्री आधी हसला. मग गोळ्यांना तेलाचं बोट लावून त्यानं हेड आवळलं. उघडलं तेव्हा पिठाचा पापड झाला होता. ब्लॉक दोनदा घासल्यामुळं पिस्टन माथ्याच्या वर डोकावत होते, आणि फट उरली होती नावाला.

“हौ सेठ,” तो हळूच म्हणाला, “तीन खाचा.”

दुकानदारानं तांब्याचं गॅस्केट पुढं केलं. “मालक, तुमच्या टर्बोला हेच. नातवापर्यंत टिकंल.”

“तांबं पूजेला ठेवा. स्टीलच्या थरांचं द्या, आणि कडेला तीन खाचा दाखवा.”

त्यानं चष्मा वर करून माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी आईच्या पोटातूनच पाना घेऊन आलो होतो.

ठरल्या दिवशी मका भरला. पोती इतकी, की देवगावची जमीन हलकी होऊन चार बोटं वर आली. केबिनमधे माझ्या शेजारी मेहुणा. पायथ्याला भंगारवाल्यानं टेम्पोतून दोर दाखवून रामराम केला आणि आमच्या मागं लागला. मेहुणा आरशातून त्याला हात करत होता.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. मी पाण्याच्या काट्याकडं बघत होतो, मेहुणा माझ्याकडं. काटा मधोमध ठाण मांडून बसला होता, लग्नातल्या मामासारखा. मी पंपाला सगळी मोकळीक दिली. टर्बोनं अशी शिट्टी घातली, की दौलताबादच्या किल्ल्यावरच्या तोफांनी तोंड फिरवलं. पुढचे दोन ट्रक आपणहून बाजूला सरकले.

माथ्यावर टेकल्यावरच गाडी थांबवली. मेहुणा खाली उतरला, बॉनेटला कान लावला, रेडिएटरचं झाकण चाचपलं, खाली वाकून तेलाचा थेंब शोधला. काहीच नाही.

“आता तुझा भंगारवाला कुठं राहिला?” मी विचारलं.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन वाजला. टेम्पो दुसऱ्या वळणावर उकळून बसला होता.

मी माल भरलेला ट्रक तसाच वळवून खाली नेला. पुढं मिळाली त्या रुंद जागेत फिरवला आणि भंगारवाल्याच्याच जाड दोरानं भंगारवाल्याचा टेम्पो बांधला. घाट दुसऱ्यांदा चढलो, मक्यासकट, टेम्पोसकट आणि आरशात बघायचं सोडलेल्या मेहुण्यासकट. काटा जागचा हलला नाही.

माथ्यावर भंगारवाला माझ्या पाया पडायला वाकला. मेहुणा दोर सोडत म्हणाला, “दाजी, मी पहिल्यापासून सांगत होतो ना, दोन खाचांचं नको म्हणून.”

आता प्रत्येक लग्नाकार्यात तो हीच गोष्ट सांगतो, आणि तिच्यात गॅस्केट त्यानंच निवडलेलं असतं. मी तेवढं चालवून घेतो. गाडी माझ्या दारात उभी आहे, मला अजून काय पाहिजे? बायको मात्र पंगतीत वाढता वाढता थांबते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, “पीठ माझं होतं.”