वैशालीची पळायची जागा

मी पदवीधर झालो तो सुमनआक्कामुळे. मला शाळेत राहता यावं म्हणून ही माझी थोरली बहीण चौथीतून ऊसतोडीला गेली. आजही ती तोडीवर असते आणि तिची वैशाली माझ्याकडे राहून पोलीसभरतीसाठी पळते. कुठे पळते हे कळल्यावर आक्का फोनवर ओरडलीच, "स्मशानात? बंद कर तिचं पळणं!"

म्हणून एका पहाटे मी वैशालीबरोबर गेलो. धुकं होतं. शेडमध्ये आदल्या दिवशीचं सरण अजून धुमसत होतं. वैशाली त्याला लांबून वळसा घालत पळत होती. धुक्यात ती नाहीशी व्हायची, नुसती पावलं ऐकू यायची. ती माझ्याजवळ येऊन थांबली, तरी क्षणभर ती पावलं पलीकडे चालूच आहेत असं वाटलं. अंगावर काटा आला.

"भीती नाही वाटत?"

"पहिल्यांदा वाटायची, मामा. पण उसात बिबट्या आहे. आणि इथलं कुणी शिट्टी मारत नाही."

सपाट, मोकळी जागा गावाने पोरीसाठी एवढीच ठेवली होती.

फोनवर हे मला बोलता आलं नसतं, म्हणून आक्काला पत्र लिहिलं:

"आक्का, मीही घाबरलो. पण परत येताना वैशाली माझ्यापुढे चालत होती. समोरून एक मोटारसायकल आली, तिच्याजवळ हळू झाली, मग मला पाहून दिवा बंद करून निघून गेली. कोण होतं ते दिसलं नाही. तिला स्मशानातच पळू दे. तिथपर्यंतच्या रस्त्याला रोज मी सोबत जाईन."